गुंजेचे डोळे

कळंब,
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रेरणा,

सासऱ्याने सुनेला पत्र लिहायचं तर सुरुवात आशीर्वादाने करायची रीत आहे. ती जागा मी सध्या मोकळी सोडतो. का ते पत्र संपेपर्यंत तुला कळेल.

तू, अर्पिता आणि तुझ्या माहेरची मंडळी सुखरूप असाल. राजदीप दर रविवारी वणीला येऊन जातो, पण तिकडचं काही सांगत नाही. विचारलं तर 'बरे आहेत' म्हणतो आणि मोबाइलमध्ये तोंड घालतो. आता तू म्हणशील, बाबांनी फोन का केला नाही. माझा आवाज तुला माहीत आहे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली. शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे अशी सवय लागली, ती पेन्शनीत निघाल्यावरही सुटली नाही. फोन कानाला लावला की माझा आवाज चढतो, बोलायचं ते राहून जातं आणि नको ते निघून जातं. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून हा कागद.

इकडची खुशाली अशी. सोयाबीन निघालं, शेवटच्या पावसाने थोडं काळं पडलं. कापूस फुटायला लागला. पहिल्या वेचणीआधी वावराला दहीभात दाखवायचं सीतादहीही उरकलं. दहीभात यंदा मीच कालवला आणि त्यात मीठ घालायला विसरलो. कापसाची तक्रार नाही. तुझ्या कुंडीतल्या शेवंतीला कळ्या धरल्या आहेत, पाणी मी घालतो. अर्पिताची सायकल रोज पुसतो. त्या सायकलीला धूळ बसत नाही, तरी पुसतो.

आणि मोठी बातमी म्हणजे संडासची तुंबलेली लाइन सुरू झाली. पाणी आता सरळ टाकीत जातं. हे तुला राजदीपने सांगितलं असेल, पण त्यात माझी काय फजिती झाली ते त्याने सांगितलं नसेल.

तू गेल्यावर श्रावण प्लंबर पुन्हा आला. या वेळी बांबूच्या आणखी लांब चिपा घेऊन आला आणि दुपारभर पाइपात खुपसत बसला. चीप अर्ध्यात जाऊन अडायची. तो म्हणाला, "काका, उद्या येतो." तो उद्या काही उजाडला नाही. मग बाभूळगावचा एक मिस्त्री कोणीतरी सुचवला. त्याला फोन केला की तो "निघालोच" म्हणायचा. आमच्या डेपोतल्या गाड्याही एवढ्या वेळा निघाल्या नसतील. तोवर मी आणि राजदीप शेजारच्या तुळसाबाईंकडे डबा घेऊन जात होतो. या वयात दुसऱ्याच्या दारात डबा हातात धरून उभं राहायचं, "वहिनी, जाऊ का?" असं विचारायचं. त्या बिचाऱ्या तोंड फिरवून "जा नं भाऊ" म्हणायच्या. मला वाटलं, याहून जास्त लाज माणसाला कशाने वाटणार?

शेवटी यवतमाळहून हिरासिंग आला. सोबत दोन माणसं आणि मशीन. तारेचं भलंमोठं वेटोळं, त्याच्या टोकाला स्प्रिंग, वर मोटर. बोलायला मात्र मशीनपेक्षा तोच जोरात. "काका, टेन्शन नोका घेऊ. म्या यवतमाळात भल्याभल्याइच्या लाइनी खोलल्या." मोटर सुरू केली, तार आत गेली आणि आतच अडकली. ती काढायला त्याने गेटजवळ खोदायला घेतलं. अंगणात बसवलेल्या आपल्या नव्याकोऱ्या सिमेंटच्या गट्टूंचा ढीग लागला. गेटजवळ पाइप साफ निघाला. मग तो टाकीजवळ खोदायला गेला, तिथेही पाइप कोरडा. "असं होते कधी कधी," म्हणाला आणि चहा मागितला. चहा मी केला. पुचाट झाला होता. तुझ्यासारखा नव्हता, हे त्याला काय माहीत. मला माहीत होतं.

तिसऱ्यांदा त्याने बाथरूमच्या भिंतीलगत खोदलं, जिथे पाइप वळतो तिथे. पाइप कापला आणि आत हात घातला. हाताला लागली ती माती. काळीभोर, फुगलेली, लोण्यासारखी चिकट. घमेलं भरलं, दुसरं भरलं. हिरासिंग म्हणाला, "काका, जोड सुटला असन. भाईरची माती आत घुसली. या काळ्या मातीत पाइप टिकतच नाही." असं म्हणून त्याने एक गोळा माझ्या पायाजवळ टाकला. त्यात दोन लाल ठिपके होते. मी वाकलो. गुंजा होत्या. लाल, काळ्या तोंडाच्या. जराही झिजल्या नव्हत्या. तेव्हा मला कळलं, लाइनीत काय अडकलं होतं ते.

गणपतीच्या डोळ्यांना मी गुंजा लावतो हे तुला सांगायला नको. वावरातली काळी माती चाळून, भिजवून आपल्या अंगणात या ले-आउटच्या वस्तीतल्या सगळ्या पोरांना गणपती करायला मीच शिकवलं. कोणाचं पोट मोठं, कोणाची सोंड वाकडी, पण डोळे सगळ्यांचे आपल्याकडचे. यंदा गुंजा अर्पिताने लावल्या. तोंडात घालू नको, विष असतं, म्हणून मी तिच्या मागे मागे फिरत होतो. विसर्जनही आपल्याच अंगणातल्या टबात. पेपरात फोटो आला होता, तो राजदीपने लॅमिनेट करून दिला. घरोघरचे लोक मूर्ती माझ्या हातात देत होते. "काका, तुमच्या वावरात जाते म्हंजे पवित्र जागी जाते," असं म्हणत होते.

पूर्वी ती माती आपल्याच फुलझाडांच्या वाफ्यात जायची. यंदा वाफा नव्हता. पायाला चिखल लागतो म्हणून मी अंगणभर गट्टू बसवले. "बाबा, भिंतीकडचा एवढा पट्टा तरी मातीचा राहू द्या," असं तू म्हणाली होतीस. मी म्हणालो होतो, घरात मिस्त्री मी आहे की तू?

यंदा वावरात नेतो असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो, पण न्यायचं तर टबातला गाळ बादल्यांत भरायचा, गाडीवर ठेवायचा, बांधापासून आत उचलून न्यायचा. गुडघा ऐकत नव्हता. राजदीपला सांगायला मला कमीपणा वाटला. म्हणून मी तो गाळ ताकासारखा पातळ केला, मोरीची जाळी उचलली आणि बादलीमागून बादली ओतली. मनाला समजावलं की मोरीचं पाणी बाहेरच्या नालीत जातं, नाली नाल्यात आणि नाला नदीत, म्हणजे झालं विसर्जन. गट्टू बसवताना राजदीपने मोरी संडासच्या लाइनीत जोडून घेतली होती. त्याने मला सांगितलंही होतं म्हणे. मी तेव्हा गट्टूचा रंग निवडत असेन.

आणि तू विचारलं होतंस, "बाबा, माती कुठे टाकली?" मी म्हणालो, "वावरात."

तर अशी सगळ्या ले-आउटची देवं मी संडासात सोडली. हिरासिंगला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने मला आयतंच कारण दिलं होतं. राजदीप संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला सांगितलं, जोड सुटला होता. गुंजा धुऊन मी शर्टाच्या खिशात ठेवल्या. त्या तुझ्या सासूच्या, विमलच्या फोटोमागे ठेवाव्या म्हणून एकदा गेलो आणि तसाच परत आलो. ती असती तर तिने श्रावणासमोरच माझं तोंड बंद केलं असतं.

बघ, इतकं लिहून झालं आणि ज्या दिवसाबद्दल लिहायचं त्याला मी अजून हात घातला नाही. मशीन, चिपा, गट्टू सगळं लिहिलं.

त्या दिवशी श्रावण पहिल्यांदा आला होता. दोन माणसं सोबत. गेट उघडं, कुंपणापलीकडे कोकिळाबाई, रस्त्यावर चार बायका. श्रावण म्हणाला, "काका, घरात बाईमाणूस हाय नं? मंग तेच टाकत असन. आजकाल समद्याइच्या लाइनी त्यानंच चोक होऊन राह्यल्या." तेवढ्यात तू त्यांच्यासाठी चहा घेऊन बाहेर आलीस. आणि मी माझ्या त्या आवाजात म्हणालो, "आमच्या घरात तर मास्तरीणच हाय त्यातली! गावच्या पोरीइले शिकवते आन् आपल्याच घरात टाकते!"

पुढचा शब्दही मी बोललो. सासऱ्याने सुनेसमोर, परक्या पुरुषांदेखत उच्चारू नये तो शब्द. आज लिहायला इतका वेळ लागतो आहे, तेव्हा क्षणभर लागला नाही. पॅड.

तू ट्रे गट्टूंवर ठेवलास. कप हलला, पण सांडला नाही. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, मी तसं करत नाही." मी म्हणालो, "मंग काय मी टाकतो?" श्रावणचा माणूस हसला. कुंपणापलीकडूनही कोणी हसलं. मलाही वाटलं, काय चपखल बोललो.

दसऱ्याला माहेरी जाते म्हणून तू दुसऱ्या दिवशी निघालीस. बॅग मोठी होती. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता, पण त्यात काय होतं ते मला आठवत नाही.

गेल्या बुधवारी तुमच्या संस्थेतली वर्षा आली. पोरींना पाळीची माहिती द्यायचे तुझे चार्ट आणि ती कापडी पिशवी न्यायला आली होती. मला वाटलं, वणीला पाठवायचं असेल. ती म्हणाली, "नाही काका, आता कळंबच्या शाळा मले दिल्या. प्रेरणाताई म्हणे, कळंबात माह्याच्यानं उभं नाही राहावत. ज्या पोरीइसमोर मी बोलन, त्यायच्या मायाइनं माह्यावर हसून घेतलं हाय." मग ती हळूच म्हणाली, "दिवाळीनंतर कन्याशाळेत कार्यक्रम हाय. ताईनंच ठरवला होता."

माझ्या घरातून तू गेलीस हे मला कळलं होतं. तुझं काम गेलं हे कळलं नव्हतं. तुझे ते चार्ट बैठकीच्या भिंतीला टेकवलेले असायचे तेव्हा पाहुणे येण्याआधी मी ते उलटे करून ठेवायचो. तू आलीस की सुलटे करायचीस.  वर्षाने ते उचलले तेव्हा ती भिंत पाहून मला कसंतरीच झालं. मी खिशातल्या गुंजा काढून तिच्यासमोर धरल्या आणि सगळं सांगितलं. हिरासिंग, माती, मोरी, सगळं. वाटलं, पोरगी दोन शब्द धीराचे बोलेल.

ती म्हणाली, "मले काय सांगता काका? मी का इथं उभी होती? ज्यायले आयकवलं, त्यायले सांगा नं." आणि पिशवी खांद्याला लावून गेली. चहालाही थांबली नाही.

परवा सकाळी घंटागाडी आली. ते गाणं वाजलं की ले-आउटमधल्या सगळ्या बायका डबे घेऊन बाहेर येतात. तेवढी गर्दी एकाच जागी दुसऱ्या कशाला होत नाही. मीही आपला डबा घेऊन गेलो. ड्रायव्हरला म्हटलं, गाणं बंद कर भाऊ. त्याने केलं. मग आवाज काढला, तोच, शेवटच्या सीटपर्यंतचा.

"आयका! त्या दिवशी मी आमच्या सुनेचं नाव घेतलं, ते खोटं. लाइनीत तिचं काई नवतं. पॅड नवतं. माती होती. तुमच्या-आमच्या गणपतीची. वावरात नेतो म्हणून सांगतलं आन् मीच मोरीत ओतली. लाइन म्या बुजवली."

कोकिळाबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. "आमचा बाप्पा तुमी संडासात टाकला?"

"हो."

"पोराच्या हातानं केलता नं तो! तुमच्या भरवशावर देल्ला होता!"

त्या पुढे पुष्कळ बोलल्या, बाकीच्याही बोलल्या. मी ऐकून घेतलं. मी मध्ये बोललो नाही, हे तुला खोटं वाटेल पण खरं आहे. पुढच्या वर्षी कोणी माझ्या हातात मूर्ती देणार नाही. द्यायलाही नको. तो लॅमिनेट केलेला फोटो मी उतरवून ठेवला.

सगळ्या बोलून थकल्यावर तुळसाबाई पुढे आल्या. ज्यांच्या दारात मी डबा घेऊन जात होतो त्याच. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक झाली, ते समजलं. पण भाऊ, मंग त्या लेकराले कायले बदनाम केलं?"

 गाडी निघून गेली, तरी मी डबा घेऊन तिथेच उभा होतो.

उत्तर माझ्याकडे होतं, प्रेरणा. ते त्या बायकांना द्यायचं नव्हतं, तुलाच द्यायचं होतं. म्हणून हे पत्र. बाकीचं सगळं तुला राजदीपकडून, वर्षाकडून कळलंच असतं.

वर मी लिहिलं की गुंजा दिसल्या तेव्हा मला कळलं. ते खोटं आहे. खोडत नाही, तू वाचावंस म्हणून तसंच ठेवतो. शेवटची बादली ओतली तेव्हाच मोरीतलं पाणी वर आलं होतं. बराच वेळ तिथेच फिरत राहिलं. मी उभा राहून पाहिलं, आणि जाळी लावून दार ओढून घेतलं. श्रावणने चीप घातली आणि ती अडली, तेव्हाच मला ती मोरी आठवली होती. लोक काय म्हणतील, देवं कुठे गेली म्हणतील. नेमका तेव्हा तो म्हणाला, घरात बाईमाणूस हाय नं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस.

याहून वाईट पुढे आहे. घरातला कचऱ्याचा डबा घंटागाडीवर रोज कोण नेतं? मीच. तुझ्या लग्नापासून मीच नेतो. त्यात वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, वर लाल खूण केलेली पुडी मी महिन्याच्या महिन्याला पाहिली आहे. पोरींना तू जे शिकवतेस, तसंच तू घरात करतेस हे या गावात कोणाला पक्कं माहीत असेल तर ते मला. तुझ्या नवऱ्यालाही नाही, मला. तू म्हणालीस, "मी तसं करत नाही." ते खरं आहे हे त्या अंगणात फक्त एका माणसाला माहीत होतं. आणि तोच म्हणाला, मंग काय मी टाकतो?

मला त्याचं उत्तरही माहीत होतं.

मला लाज वाटते. डबा घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभं राहण्याची ती लाज नव्हे. ती आता मला काहीच वाटत नाही. तुझ्यासमोर यायचं म्हटलं की वाटते ती ही.

परत ये असं मी लिहीत नाही. तो हक्क मी माझ्या हाताने घालवला. राजदीप तुझ्यासोबत वणीला राहतो म्हणाला तरी मी त्याला अडवणार नाही. पत्र तोच घेऊन येईल; पाकीट मी चिकटवलेलं नाही, त्याला सांगितलं आहे की तुला देण्याआधी त्याने वाचावं. गुंजा पाकिटात घालणार होतो, पण अर्पिता तोंडात घालेल म्हणून घातल्या नाहीत. त्या माझ्या खिशातच राहतील.

एकच मागणं आहे. दिवाळीनंतर कन्याशाळेचा कार्यक्रम तू घे. वर्षाला सांग, माझे चार्ट परत दे. आमच्या घरी येऊ नको, वाटेतही थांबू नको. स्टँडवर उतर आणि सरळ शाळेत जा. त्या पोरींच्या आयांना मी जे सांगायचं ते सांगून ठेवलं आहे. तू वर मान करून उभी राहा. मी त्या दिवशी वावरात असेन, गावात दिसणार नाही.

अंगणातले भिंतीकडचे गट्टू मी हिरासिंगला परत बसवू दिले नाहीत. तो पट्टा मातीचाच ठेवला आहे, तू म्हणाली होतीस तेवढा. टाकीतली माती काढायला माणसं येतील तेव्हा ती मी वावरात नेईन. गुडघ्याचं बघता येईल.

वर आशीर्वादाची जागा मोकळी सोडली होती. ती मोकळीच राहू दे. आशीर्वाद देणाऱ्याचा हात स्वच्छ असावा लागतो. वयाने मोठा आहे, तरी या वेळी वाकायची पाळी माझी आहे.

तुला माझा नमस्कार.

मारोतराव
(तू ज्याला बाबा म्हणायचीस तो)